वाट चुकण्याचे सौंदर्यशास्त्र

बंगळुरूच्या ज्या नागरिकांची शनिवारी सावनदुर्गावर वाट चुकते आणि सोमवारी ज्यांना चित्रप्रदर्शनाची कल्पना सुचते, त्यांचे अभिनंदन करावे तेवढे थोडेच. मागडीजवळचा, समुद्रसपाटीपासून १,२२६ मीटर उंचीचा हा पाषाण. त्यावर वाट दाखवणारे पांढरे बाण रंगवलेले असूनही भरकटायचे, म्हणजे साधनाच हवी.

पूर्वीच्या कलावंतांना ही सवलत नव्हती. १७९१ साली ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसच्या फौजेने हा दुर्ग घेतला. चित्रकार रॉबर्ट होम त्या मोहिमेत फौजेसोबत होता. भोवती एवढे सैन्य असताना बिचाऱ्याने हरवावे तरी कसे? परिणामी, १७९४च्या त्याच्या चित्रसंग्रहात सावनदुर्ग चक्क सावनदुर्गासारखा दिसतो.

असे अनर्थ टाळण्यासाठी वनखात्यानेच पुढाकार घ्यावा. निम्मे बाण खरवडून काढावेत, उरलेले उलटे फिरवावेत. तिकिटाचे दर दोन ठेवावेत: नुसते परत येणाऱ्यांसाठी साधा, प्रेरणा घेऊन येणाऱ्यांसाठी दुप्पट. प्रत्येकाच्या फोनची बॅटरी पायथ्याशीच चार टक्क्यांवर आणून द्यावी. अंतर्मुख व्हायला तेवढी पुरते.

त्या उतारांवर शेळ्या राखणाऱ्या पोराला मात्र कलेत गती नाही. तो रोज वर जातो आणि रोज वेळेवर घरी पोचतो. अंधारात कुणी रडताना आढळले, तर हात धरून खालीही आणतो. कलाविश्व त्याचे ऋण विसरलेले नाही. दालनाच्या दर्शनी भिंतीवरच तो टांगलेला आहे: ‘अनाम वाटाड्या’, कॅनव्हासवर ॲक्रिलिक, किंमत चौकशीअंती.