शंभर नंबरी

आमच्या एडिसनच्या मराठी मंडळात काकांना आडनावानं कुणी ओळखत नाही. प्रूफकाका म्हटलं की पुरे. जेवणाआधी पुरुषमंडळी त्यांच्या बेसमेंटमध्ये उतरतात, तिथे बर्बनची परीक्षा असते आणि घाम आपल्याला फुटतो.

काकांचा सिद्धान्त एकच. "पाण्याचे पैसे मी देत नाही." 80 प्रूफ म्हणजे 40 टक्के. 750 मिलिलिटरच्या बाटलीत 300 मिलिलिटर अल्कोहोल, बाकी जवळजवळ सगळं पाणी. 100 प्रूफच्या बाटलीत तेच 375. "वरचे 75 कोण सोडतं?" हा हिशेब ते दारूच्या दुकानात रांगेत उभ्या उभ्या मांडतात आणि मागच्या अनोळखी अमेरिकन माणसालाही पटवून देतात. घरी आल्यावर मात्र त्याच बर्बनमध्ये नातवाच्या औषधाच्या ड्रॉपरनं पाण्याचे तीन थेंब सोडतात. कुणी टोकलंच तर म्हणतात, "हे नळाचं. त्याचं बिल वेगळं येतं."

चाखण्याचा विधी मोठा. ओतल्याबरोबर ग्लासवर तळवा. "थांब, तिला श्वास घेऊ दे." ती श्वास घेईपर्यंत आपल्याला 1897 चा कायदा ऐकावा लागतो. त्या काळी व्यापारी व्हिस्कीत तंबाखूचं पाणी मिसळून रंग आणायचे, मग सरकारनं 'बॉटल्ड इन बाँड'चा नियम केला. एकाच भट्टीची, एकाच हंगामातली, सरकारी देखरेखीखालच्या गोदामात निदान चार वर्षं मुरलेली आणि बरोबर 100 प्रूफची. काका अमेरिकन सरकारच्या बाकी कुठल्याही कारभारावर खूश नाहीत, पण या एका कायद्यासाठी त्यांनी त्या देशाला बरंच माफ केलंय.

मग वास. "नाक खुपसू नकोस, तोंड जरा उघडं ठेव." पहिला घोट मोजायचा नाही, तो जिभेला कल्पना देण्यासाठी. दुसऱ्या घोटाला काका डोळे मिटतात आणि एकेक वस्तू बाहेर पडू लागते. चिक्की. भाजलेले दाणे. जायफळ. कढईला लागलेला गूळ. चाळीस वर्षं अमेरिकेत काढूनही त्यांची जीभ आईच्या फडताळापलीकडे गेलेली नाही. ओल्ड ग्रँड-डॅडची 114 प्रूफची बाटली निघाली की पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी येतं, छातीत शेगडी पेटते, आणि काका कृतार्थ चेहऱ्यानं पाठीवर थाप मारतात, "ही केंटकीची मिठी!"

निकाल वहीत. नाक, जीभ, घसा आणि खिसा, प्रत्येकाला 25 गुण. नाकाजिभेवर पास झालेल्या कितीतरी उंची बाटल्या खिशात नापास झाल्या आहेत. एव्हन विल्यम्सची पांढऱ्या लेबलची, 100 प्रूफची बाटली कित्येक वर्षं पहिली आहे. काका तिच्याविषयी घरच्या हुशार मुलीविषयी बोलावं तसं बोलतात.

एकदा ते काकूंना केंटकीत बार्डस्टाउनला घेऊन गेले. काकूंना वाटलं होतं, गावात काहीतरी पाहण्यासारखं असेल. समोर आली गोदामं, भिंती काळ्याकुट्ट. "अहो, इथे रंग देत नाहीत का?" काकांनी समजावलं की पिंपांतून दरवर्षी थोडी दारू हवेत उडून जाते, तिला देवदूतांचा वाटा म्हणतात, आणि त्या वाफेवर ही काळी बुरशी वाढते. "म्हणजे नैवेद्य देवाला आणि काजळी भिंतीला," काकू म्हणाल्या आणि सावलीतला बाक शोधायला गेल्या. काकांना त्या सहलीत एकच गोष्ट लागली. बर्बनसाठी पिंप कोरंच लागतं, ते दुसऱ्यांदा वापरता येत नाही. एवढं चांगलं लाकूड! पण जुनी पिंपं मोठ्या संख्येनं स्कॉटलंडला जातात हे कळल्यावर त्यांचा चेहरा फुलला. तेव्हापासून स्कॉच पिणाऱ्यांकडे ते जरा दयेनं बघतात.

पुण्याला जाताना नियमाप्रमाणे दोन लिटर नेतात. तिथे साडू भेटतात. गेल्या खेपेला साडूंनी 114 ची ती बाटली उघडली, बर्फानं ग्लास भरला, वर थम्सअप ओतलं आणि फरसाणाची बशी पुढे सरकवत म्हणाले, "छान आहे हो. आपल्या ओल्ड मंकसारखीच." काका काही बोलले नाहीत. रात्री काकूंना एवढंच म्हणाले, "तुझी बहीण फार सोशिक आहे."

परवा त्यांचा भाचा ब्लँटन्स घेऊन आला. बुचावर घोडा असलेली, दुकानात सहजी न दिसणारी. काकांनी आधी लेबल वाचलं आणि चेहऱ्यावर विजय पसरला. "93! सात कमी!" तरी विधी झाला. पहिला घोट, दुसरा, आणि मग, केवळ खात्रीसाठी, तिसरा. डोळे मिटलेलेच राहिले. चिक्कीबिक्की काही बाहेर पडेना. शेवटी वहीत नाकाला 24, जिभेला 24, घशाला 23 पडले. खिशाशी पेन अडलं. घोडा गणपतीच्या आरासीत बसेल का ते बघत काकू म्हणाल्या, "अहो, फुकट आलीय. खिशाला 25 पैकी 25 द्या."

काकांनी बेरीज केली. पुन्हा केली. 96, म्हणजे एव्हन विल्यम्स दुसरी. ते बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. मग वही उलटी केली, मागच्या कोऱ्या पानावर 'आहेर' असं शीर्षक घालून खाली रेघ मारली, आणि भाच्याला म्हणाले, "पुढच्या वेळी 100 ची आण."