अनाथ वीरांची काटकसर

१९७४ साली अमेरिकेत अवतरलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या २०१४ च्या आवृत्तीत नवा योद्धा घडविण्यास २७ गुणांचा तनखा मंजूर होतो, आणि बुद्धी किमान ८ वर गोठवून तिची शिल्लक बाहुबलाच्या खाती वर्ग करण्याची जी तजवीज सुज्ञ खेळाडू करतात, ती कोणत्याही खजिनदाराने शिरोधार्य मानावी अशी आहे. योद्ध्याच्या मातापितरांना हे खेळाडू पूर्वकथेतच राक्षसांकरवी निकालात काढतात, म्हणजे ओलीस धरण्याजोगे कोणी उरत नाही. राक्षसांनाही तेथेच मारून टाकावे, म्हणजे गुहेत उतरण्याची यातायात वाचेल, अशी माझी नम्र दरखास्त आहे. परवा असा एक निर्दोष वीर पहिल्याच गॉब्लिन नामक बुटक्या राक्षसाच्या दोन बाणांत कामी आला. तत्काळ त्याच्या गुणांच्या कागदावरचे नाव तेवढे खोडले गेले आणि त्या निराधार अनाथाचा जुळा भाऊ वारसाहक्काने तलवार मागावयास हजर झाला.