पॅरिस मेट्रोतील हातचलाख बाईसाहेबांस

पॅरिस मेट्रोच्या एक नंबर मार्गावरील बाईसाहेबांस,



पत्रास कारण की, गेल्या उन्हाळ्यात शात्ले स्थानकात आपण कोल्हापूरच्या एका पोराचं जे आगतस्वागत केलंत, त्याची पोच द्यायची राहून गेली होती. पोरगा पाठीवर सॅक मारून युरोप बघायला निघालेला. हॉस्टेलातली वरची बंक, सकाळ-संध्याकाळ पाव-चीज, आणि कमरेच्या पट्ट्यात सगळा संसार. दरवाजे बंद होण्याचा भोंगा वाजला, तशा आपल्या दोन मैत्रिणी भलामोठा नकाशा उघडून त्याच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. तिसऱ्या आपण. डाव्या हातावर जाकीट टाकलेलं आणि त्याखाली उजवा हात. भोंगा थांबायच्या आत तिघी फलाटावर, आणि पोरगा काचेच्या आत. पट्ट्याची चेन या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडी. दादरला सॅक पोटाशी धरून लोकलमध्ये चढणारा माणूसही परदेशात गेला की सैलावतो, हे आपण बरोबर हेरलंत.

आपल्या कौशल्याबद्दल वाद नाही. रोबेर ब्रेसाँने 1959 साली ‘पिकपॉकेट’ हा चित्रपट काढला, तेव्हा बोटांची सफाई शिकवायला त्याला कासाजी नावाचा खराखुरा जादूगार आणावा लागला होता. आपलं शिक्षण घरच्या घरीच झालेलं दिसतं. दबदबाही असा की, 10 एप्रिल 2013 रोजी लूव्र संग्रहालय दिवसभर बंद राहिलं. पाकीटमार टोळ्यांच्या धमक्यांना कंटाळून पहारेकऱ्यांनीच काम थांबवलं होतं. टोळ्यांमध्ये पोरंही होती, आणि पोरांना तिथे तिकीट लागत नाही. पुढे 22 मे 2015 रोजी याच कारणासाठी आयफेल टॉवरच्या कर्मचाऱ्यांनीही हात वर केले. मोनालिसाच्या राखणदारांची ही गत, तिथे कोल्हापूरच्या पोराचं काय घेऊन बसलात!

रोकड गेली, गेली. फोन गेला, त्याच्याबरोबर फोटो गेले. माँमार्त्रच्या पायऱ्यांवर मनगटाला दोरा गुंडाळून पैसे उकळणारे आणि सहीसाठी कागद पुढे करणारे आपले व्यवसायबंधू तर त्याने आदल्याच दिवशी पचवले होते. तक्रार आहे ती पासपोर्टाची.

त्या निळ्या पुस्तकातल्या एका पानावर युरोपातल्या अनेक देशांत चालणारा शेंगेन व्हिसा चिकटवलेला होता. तो मिळवायला पोराने काय काय केलं, हे आपल्या कानावर घालणं भाग आहे. 90 युरो शुल्क, म्हणजे आठ-नऊ हजार रुपये, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत नाहीत. बँकेचे खातेउतारे, आयकराची विवरणपत्रं, ऑफिसचं रजेचं पत्र, जायच्या-यायच्या तिकिटांची आरक्षणं, रोज रात्री कुठे डोकं टेकणार त्याचे कागद. शिवाय किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा. बोटांचे ठसेही त्याने दिले. आपले कुणी घेतले असतील-नसतील, त्याचे घेतले. एवढं झाल्यावर चिकटलेलं ते पान. पुढे प्राग होतं, व्हिएन्ना होतं, बुडापेस्ट होतं.

इटलीच्या किंवा जर्मनीच्या पोराचा पासपोर्ट मारला असतात, तर त्याने चार शिव्या हासडल्या असत्या आणि घरी गेला असता. त्याला या सगळ्या देशांत हिंडायला व्हिसा लागतो कुठे! आपल्या गिऱ्हाइकाला मात्र आधी पोलीस ठाणं, मग भारतीय दूतावास, आणि तिथून मिळालं ते इमर्जन्सी सर्टिफिकेट. हा कागद एकाच कामाचा: भारतात परत जा. त्यावर प्रागला जाता येत नाही. आगाऊ भरलेली हॉस्टेलं, रेल्वेची तिकिटं, सगळं पाण्यात.

आणि मग पासपोर्ट सापडला! कुणा भल्या माणसाने तो कचरापेटीतून उचलून हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीत दिला होता. पॅरिस पोलिसांची ही कचेरी 1805 पासून, म्हणजे नेपोलियनच्या काळापासून छत्र्या आणि किल्ल्या सांभाळत आली आहे. पण एकदा ‘हरवला’ अशी नोंद झाली की पासपोर्ट रद्द होतो, सापडला तरी.

अगं, टाकायचाच होता तर घेतलास कशाला? विकला असतास तर निदान धंदा म्हणून समजून घेतलं असतं. मुंबईच्या पाकीटमाराची ख्याती अशी की, नोटा काढून घेतो आणि लायसन, पास, ओळखपत्र टपालपेटीत सोडतो. त्याला एवढी रीत कळते. तुझ्या शहरात तर चौकाचौकात पिवळ्याधमक टपालपेट्या आहेत, दहा पावलांवर एक होती, आणि तुला कचरापेटी दिसली! नीच काम आहे हे, दुसरा शब्द नाही.

खरं तर तुला ‘बाईसाहेब’ म्हणणंही चुकीचंच. पोराने पोलिसांना सांगितलं, चौदा-पंधराची असेल. 2013 च्या मे महिन्यात पॅरिसच्या न्यायालयाने एका टोळीच्या म्होरक्याला सात वर्षांची शिक्षा दिली. मेट्रोत अल्पवयीन मुलींना चोऱ्या करायला लावत असे, दिवसाची ठरलेली रक्कम आणली नाही तर मार. तेरा वर्षांखालच्या मुलाला फ्रान्समध्ये तुरुंगात टाकता येत नाही, म्हणून पकडल्यावर वय कमी सांगायचं, हेही पढवलेलं. तूही तसल्याच कुणाच्या हाताखाली असशील, तर त्या नोटांतली एकही तुझ्याकडे राहिली नसेल. संध्याकाळी हिशेब देताना ते निळं पुस्तक ‘हे काय आणलंस?’ म्हणून कुणी तुझ्याच अंगावर भिरकावलं असेल. पोरी, तसं असेल तर वरचा तो ‘नीच’ तुझ्या म्होरक्याकडे पोचता कर.

पासपोर्टाची तक्रार मात्र मागे घेतलेली नाही.

कळावे.

ता. क. नव्या पासपोर्टसाठी आता पुन्हा पोलीस पडताळणी होणार आहे. हवालदार कोल्हापुरात घरी येईल आणि शेजाऱ्यांना विचारेल, मुलगा वागायला कसा आहे, कुठल्या भानगडीत तर नाही ना.