आधी माणसं, मग लाल गाडी

फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं ऑक्टोबर २०१७ मध्ये पुणे महापालिकेत गेली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिथून बाहेर पडली. मिळकतकर शहराचा आणि सोयी खेड्याच्या, या रागातून ही फारकत झाली, आणि तो राग रास्त होता. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं यांच्या अंगणात, पाणी मात्र टँकरनं. आता या दोघांची मिळून स्वतःची नगरपरिषद आहे. स्वतःची नगरपरिषद म्हणजे स्वतःची जबाबदारीही. १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात आग विझवणं आणि आगीच्या वेळी जीवित-वित्ताचं रक्षण करणं हे बंधनकारक कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा सातव्या क्रमांकावर आहे. उद्यान, कमान, सुशोभीकरण हवं तेव्हा करा. अग्निशमन दलाला ‘हवं तेव्हा’ नाही.

आणि या गावाला तर कुणी आठवण करून द्यायचीही गरज नाही. ९ मे २०१९ च्या पहाटे उरुळी देवाचीत सासवड रस्त्यावरच्या एका साड्यांच्या दुकानाला आग लागली. आत पाच कामगार झोपलेले होते. दार बाहेरून बंद होतं. पाचही जण गेले. त्या वेळी हे गाव पुणे महापालिकेच्या हद्दीत होतं, म्हणजे राज्यातल्या जुन्या, अनुभवी दलांपैकी एका दलाच्या छत्राखाली. कागदावर सगळं होतं. पण हद्दीत असणं आणि हाकेच्या अंतरावर असणं यांत फरक आहे. धूर माणसाला ज्वाळेच्या आधी मारतो, आणि बंद गाळ्यात कापडाचा धूर भरायला काही मिनिटं पुरतात. शहरात बंब पाच ते सात मिनिटांत पोचावा, असं देशातले अग्निशमनाचे निकष सांगतात. सकाळी दहा वाजता इथल्या मंतरवाडी चौकात उभं राहून कंटेनरांची रांग बघा आणि हडपसरहून सात मिनिटांत कोण पोचेल ते तुम्हीच सांगा.

तेव्हा दल हवं, यावर वाद नाही. वाद आहे तो ते कोणत्या क्रमानं उभं करायचं याचा. आपल्याकडे वाढत्या गावांत हा क्रम बहुतेक वेळा उलटा असतो. आधी गाडी येते. गाडीला हार घालता येतो, नारळ फोडता येतो, तिच्यासमोर उभं राहून फोटो निघतो. मग गाडीसाठी शेड. मग ठेक्यावरचा एक चालक. मग, जमलं तर, ठोक मानधनावर चार पोरं, ज्यांना होज कसा जोडायचा हे चालकच दाखवतो. या पोरांना आगीत पाठवणं हे पाप आहे. शब्द कडक वाटला तरी दुसरा सुचत नाही.

हिशोब सोपा आहे, कुणीही करावा. एका बंबावर चालक, एक लीडिंग फायरमन आणि चार अग्निशामक असे निदान सहा जण हवेत. आग चोवीस तास लागू शकते, म्हणून तीन पाळ्या. झाले अठरा. त्यांना साप्ताहिक सुट्टी हवी, रजा हव्यात, कुणी आजारी पडेल, कुणी प्रशिक्षणाला जाईल. म्हणजे एक गाडी खरोखर चोवीस तास सज्ज ठेवायची तर बावीस-चोवीस माणसं लागतात, वर स्थानक अधिकारी वेगळा. नव्या नगरपरिषदेचा आकृतिबंध मंजूर करून घेताना या पदांचा आकडा किती मागितला आणि नगरविकास खात्यानं किती दिला, हा या शहराच्या अग्निशमन दलाविषयीचा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. गाडी कोणत्या कंपनीची, हा दहावा.

माणसं बाजारात तयार मिळत नाहीत. सांताक्रूझला कालिन्यात राज्याचं अग्निशमन प्रशिक्षण केंद्र आहे, तिथला अग्निशामक पाठ्यक्रम सहा महिन्यांचा आहे. अधिकारी घडवणारं राष्ट्रीय अग्निसेवा महाविद्यालय आपल्याच नागपुरात आहे. याच दोन गावांतली धडधाकट मुलंमुली निवडा, पाठवा, आणि परत आल्यावर त्यांना कायम पदावर घ्या. स्थानिक माणसाचा एक फायदा कोणत्याही यंत्राला नाही: कोणत्या गल्लीत पुढं भिंत आडवी घातली आहे, कोणत्या गोडाऊनला मागून दार आहे आणि कोणत्या शेडमध्ये रात्री कामगार झोपतात, हे त्याला ठाऊक असतं. २०१९ च्या त्या पहाटेचा विचार करताना मला सारखं हेच शेवटचं वाक्य आठवतं.

आता पाणी. दल उभारणीच्या चर्चेत हा विषय निघतच नाही आणि याच विषयावर सगळं अडतं. मध्यम बंबाच्या टाकीत साधारण साडेचार हजार लिटर पाणी मावतं. त्यावरचा पंप पूर्ण ताकदीनं मिनिटाला साधारण २,२५० लिटर फेकतो. भागाकार करा: दोन मिनिटं. एकच पाईप बेतानं चालवला तरी दहा मिनिटांत टाकी कोरडी. पुढचं पाणी कुठून? जिथं प्यायचं पाणी टँकरनं येतं, जिथल्या विहिरी कचरा डेपोच्या झिरप्यानं नासल्या, तिथं बंब भरायला जाणार कुठं? मुठा कालवा आहे, पण कालव्याला पाणी आवर्तनाचं. आग आवर्तन बघून लागत नाही, आणि कचऱ्याच्या ढिगांना तर ती भर उन्हाळ्यातच लागते.

म्हणून माझी मागणी अशी, की पहिल्या गाडीच्या आधी निदान दोन-तीन ठिकाणी मोठ्या जमिनीखालच्या टाक्या बांधा, ज्यांचं पाणी फक्त आगीसाठी राहील. त्यांतून बंब झटकन भरता येईल अशी जोडणी ठेवा. नव्या जलवाहिन्या टाकताना रस्त्यावर हायड्रंट बसवा. रस्ता एकदा डांबरी झाला की पुन्हा खोदायला कुणी धजत नाही, किंवा मग दर महिन्याला कुणी ना कुणी खोदतंच, आणि हायड्रंट तेवढा राहून जातो. उंच इमारतींना आगीसाठी स्वतंत्र टाकी बंधनकारक आहेच. पण टँकरवर दिवस काढणाऱ्या सोसायटीत मे महिन्यात ती टाकी भरलेली आहे की तिच्यातलं पाणी कधीच आंघोळीला गेलं, हे झाकण उचलून बघणारा माणूस हवा. पुन्हा माणूसच.

जागेचं थोडक्यात सांगतो. पुणे महापालिकेनं या दोन्ही गावांत नगररचना योजना आखल्या होत्या. ज्या गावात भूखंडांची आखणी अजून व्हायची आहे, त्या गावाला अग्निशमन केंद्राची जागा आज निवडता येते, दहा वर्षांनी ती विकत घ्यावी लागते. आणि ती निवडताना सात-बारा कुणाचा, हे बघू नका. बंब बाहेर पडल्यावर तो पहिल्या चौकात अडकतो का, एवढंच बघा. मंतरवाडीचा चौक तुंबला तर त्याच्या दोन्ही अंगांना पोचता आलं पाहिजे. एका केंद्रानं ते जमत नसेल, तर दुसऱ्या अंगाला एक छोटं उपकेंद्र करा. आषाढी वारीत माउलींची पालखी याच सासवड रस्त्यानं दिवे घाटाकडे जाते. त्या दिवशी रस्ता वारकऱ्यांचा असतो आणि असायलाच हवा. त्या दिवशीही बंब कुठं उभा राहील, हे आधी ठरलेलं हवं.

आता ज्या कामात फोटो निघत नाही आणि शत्रू मात्र तयार होतात, त्या कामाकडे येऊ. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्यानुसार इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत ठेवणं ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. ती चालू आहे असं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र, म्हणजे प्रपत्र ब, दर जानेवारीत आणि दर जुलैत द्यायचं असतं. वर्षातून दोनदा हे कागद येतात, किंवा येत नाहीत. न आलेल्यांची यादी करणं, आलेल्यांपैकी चार ठिकाणी न सांगता जाऊन पंप सुरू करून बघणं, आणि नळीतून पाणी आलं नाही तर नोटीस काढणं: अग्निशमन दलाचं खरं काम हे आहे. सायरन वाजतो तेव्हा अर्धी लढाई हरलेली असते.

हे काम न होण्याची किंमत पुणे जिल्ह्यानं मोजली आहे. ७ जून २०२१ ला मुळशीतल्या उरवड्याच्या कारखान्यात सतरा कामगार जळून गेले. त्यांत पंधरा बायका होत्या. तिथं पुढे कितीही बंब आले तरी त्या सतरा जणांसाठी त्यांचा उपयोग संपलेला होता. शहराच्या कडेला, जिथं जमीन स्वस्त आणि तपासणी विरळ, तिथंच रसायनं, फोम, कापड, गोडाऊनं आणि सर्वांत कमी मजुरीची माणसं एकत्र येतात. फुरसुंगी-उरुळी नेमकी अशाच कडेला आहे, आणि शेजारी लोणी काळभोरला इंधन कंपन्यांचे डेपो आहेत.

त्यामुळे अग्निशमन अधिकाऱ्याला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे. अमुक इमारतीला दाखला नाही, अमुक गोडाऊनला दुसरं दार फोडल्याशिवाय परवानगी नाही. असं म्हणणाऱ्या अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये अर्ध्या तासात कोणाचे फोन वाजतात, हे गावाला माहीत असतं. नगराध्यक्षांना आणि नगरसेवकांना माझं सरळ सांगणं आहे: तो फोन तुम्ही करू नका. दल उभारणीत तुमचा सर्वांत मोठा वाटा तोच असेल, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

रुपयांचं म्हणाल तर ‘नवी नगरपरिषद, पैसे कुठून आणणार’ हे ऐकून घ्यायला मी तयार नाही. २००६ च्याच कायद्यानं बांधकाम परवानगीच्या वेळी अग्निशमन सेवा शुल्क घेता येतं. या पट्ट्यात इमारती उभ्या राहायच्या थांबलेल्या नाहीत. हे शुल्क दरवर्षी किती आलं आणि त्यातलं किती अग्निशमनावरच खर्च झालं, हे दोन आकडे नगरपरिषदेच्या फलकावर लावा. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर केंद्रानं देशभरातल्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना केली. ती राज्यांमार्फत चालते. आपल्या राज्याच्या वाट्यातून आपल्यासारख्या नव्या नगरपरिषदेला काय मिळतं, हे विचारायला मुंबईला गेलं पाहिजे आणि उत्तर घेऊनच परतलं पाहिजे.

शेवटी मधल्या काळाचं. आज ठराव झाला तरी पदमंजुरी, भरती, सहा महिन्यांचं प्रशिक्षण आणि चेसिसवर गाडीची बांधणी हे सगळं व्हायला वर्ष-दीड वर्ष सहज जाईल. तोवर पुण्याचे बंब येतील. जवान हद्द विचारत बसत नाहीत, हे त्यांचं मोठेपण आहे. त्या मोठेपणावर शहर चालवू नका. महापालिकेशी लेखी करार करा: कोणत्या केंद्रातून पहिली गाडी निघेल, खर्च कोण देईल, दुसरी गाडी कोण बोलावेल. लोणीच्या डेपोंशी आणि आसपासच्या औद्योगिक दलांशी परस्पर मदतीचं बोलणं करून ठेवा. आणि येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर अग्निशमनाच्या कायम पदांचा प्रस्ताव पहिल्या क्रमांकावर घ्या. कमानीचा विषय असेलच, तो सभा संपता संपता घेता येईल.