आंबवा, पण पिऊ नका

(विमानतळाच्या सोयीने जयपूरच्या सांगानेरात फ्लॅट घेतलेल्या आणि सामानात यीस्टची पुडी दडवून आणलेल्या होतकरू मंडळींसाठी)

वाळवलेलं यीस्ट माल्टच्या गोड पाण्यात थेट ओतू नये, असं घरगुती बिअरवाले सांगतात. यीस्टच्या वजनाच्या दहापट पाणी घ्यावं, तेही ३०-३५ अंशांचं. वरून यीस्ट भुरभुरावं, पंधरा मिनिटं चमचा लांब ठेवावा, मग हलकेच ढवळावं. पाणी फार गरम झालं तर यीस्ट मरतं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडलात, तर हा अपघात गॅस न पेटवताही होतो.

एवढं पाठ झालं की पुडी कपाटात टाका. परवान्याशिवाय बिअर बनवणं राजस्थानच्या १९५०च्या अबकारी कायद्याने गुन्हा आहे. तरीही काहीतरी आंबवायचंच असेल, तर कापडावर ठसे छापणाऱ्या छिपा कारागिरांची काळी शाई करायला घ्या.

साहित्य भंगारवाल्याकडे मिळतं: घोड्याचे जुने नाल, खिळे, पत्र्याचे तुकडे. त्यात हलक्या प्रतीचा गूळ आणि पाणी. यीस्ट विकत आणू नका. गुळावर आणि हवेत ते फुकट असतं. सगळं पिंपात घालून तोंडावर फडकं बांधा, घट्ट झाकण नको. बिअरवाले हवा आत शिरू नये म्हणून जिवाचं रान करतात. तुम्हाला ती हवीच आहे. यीस्ट गुळाची दारू करतं, हवेवर पोसलेले जिवाणू त्या दारूचं आम्ल करतात आणि ते आम्ल लोखंड खातं. बिअर आंबली की बनवणारा कपाळाला हात लावतो. इथे तेवढ्यासाठीच पिंप मांडलंय. थोडक्यात, बिअर हमखास बिघडवणाऱ्यांना या धंद्यात उज्ज्वल भवितव्य आहे.

उन्हाळ्यात आठवडा-दीड आठवडा, थंडीत बरंच जास्त. वर फेस येईल, वास येईल, मग शेजारी येतील. त्यांना घोट देऊ नका. फेस बसला की गाळा आणि चिंचोक्याची पूड घालून खळीसारखं शिजवा.

आता लाकडी ठसा. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवलेलं, पिवळट हवं. हिरड्यातलं टॅनिन आणि शाईतलं लोखंड भेटल्याशिवाय काळा रंग उमटत नाही. नवशिके हिरडा विसरतात आणि गंजाचे डाग छापून त्याला आधुनिक कला म्हणतात.

कारखान्यात शिकायला गेलात तर महाराष्ट्रातून आल्याचं लगेच सांगून टाका. इथली पुष्कळ छिपा घराणी संत नामदेवांना आपले मानतात. चहा नक्की मिळेल, पंढरपूरची चौकशीही होईल. तुम्ही वारी कधी केली नसेल, तर विषय ठशांकडे वळवा.

नाल फेकू नका, पुढच्या पिंपात चालतात. आणि हिरड्याचा हात तसाच शाईत घालू नका. दुसऱ्या दिवशी ऑफिसात विचारतील, मतदान कधी झालं, आणि पाचही बोटांनी कसं केलंत.