परवाना देहाला की आत्म्याला? एक राजूरस्थित चिकित्सा

भोकरदन तालुक्यातले राजूर हे गणपतीच्या साडेतीन पीठांपैकी एक. वरेण्य राजाला गणेशगीता इथेच सांगितली गेली, अशी श्रद्धा आहे. अकरा अध्यायांच्या त्या गीतेत क्षेत्र (देह) आणि क्षेत्रज्ञ (आत्मा) यांचा विवेक आला आहे. मात्र रिमोट डेस्कटॉपचा परवाना दोघांपैकी कोणाला चिकटतो, याविषयी ग्रंथ मौन बाळगतो. ती उणीव इथे भरून काढू.

पूर्वपक्ष असा. समजा, राजूरच्या एखाद्या कृषी सेवा केंद्राची टॅली जालन्याच्या मुख्य दुकानातल्या सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपने चालते. सर्व्हर थकला, नवा आणला. मालकांच्या भाच्याने एका रविवारी सगळे हलवले, सोमवारी बिले निघाली, भाच्याला शाल-श्रीफळ मिळाले. घात इथेच. नव्या सर्व्हरला मायक्रोसॉफ्ट १२० दिवसांची सवलत देते; तोवर परवाना कोणी विचारत नाही. जुन्या जन्मीचे पुण्य डेटाबरोबर आपोआप येत नाही, हे कळते ते सवलत संपल्यावर, बहुधा अंगारकीलाच (हे आमचे अनुमान), गिऱ्हाईक युरियाच्या पोत्यावर हात ठेवून उभे असताना.

आता मते. देहवादी म्हणजे 'पर डिव्हाइस'वाले परवाना यंत्राला देतात: आधी ९० दिवसांचा तात्पुरता, पुढच्या जोडणीला कायमचा. या कायमच्या परवान्याची मुदत ५२ ते ८९ दिवस असते, पुढे नूतनीकरण. आत्मवादी 'पर यूजर'वाले तो माणसाला देतात. डोकी वाढली तरी त्यांचा सर्व्हर सहसा अडवत नाही, नोंद तेवढी ठेवतो; चित्रगुप्तही याहून वेगळे काय करतो? दोन्ही मतांत रोटीव्यवहार नाही. सर्व्हर एका मताचा आणि परवाने दुसऱ्या मताचे असले, की दार बंद होऊ शकते. शिवाय २०१६चा परवाना २०२२च्या सर्व्हरला चालत नाही. उलट मात्र चालते.

दोन जोडण्या जीवन्मुक्त आहेत. प्रशासनासाठी येणाऱ्या दोघांना परवाना लागत नाही. म्हणून दुकानातला प्रत्येक जण 'ॲडमिनिस्ट्रेटर' होऊन बिले फाडू पाहतो, आणि तिसरा आत शिरला की आधीचा एक बाहेर फेकला जातो.

सिद्धांत कोरडा आहे. लायसन्सिंग डायग्नोजर उघडावा. त्यात बहुधा दिसते, की नवा सर्व्हर अजून मेलेल्या सर्व्हरकडेच परवाने मागतो आहे. ग्रुप पॉलिसीत नव्या लायसन्स सर्व्हरचे नाव आणि मत दोन्ही भरावे. परवाने 'मॅनेज लायसन्सेस'मधून हलवावेत, नाही जमले तर मायक्रोसॉफ्टच्या क्लिअरिंगहाउसला फोन करावा. मग राजूरच्या पीसीच्या रजिस्ट्रीतली 'एमएसलायसन्सिंग' ही नोंद, म्हणजे पूर्वजन्मीचे संस्कार, बॅकअप घेऊन पुसावी आणि रिमोट डेस्कटॉप एकदा 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडावा. साध्या वापरकर्त्याला ती नोंद नव्याने लिहिण्याचा अधिकार नसतो.

राहिला चार्वाक पंथ. तो सर्व्हरवरची 'ग्रेसपीरियड' नोंदच उडवतो आणि पुन्हा १२० दिवस सुखाने जगतो. विकत घ्यायचे परवाने त्याच्या लेखी माया. या पंथाचे अनुयायी अमाप, ग्रंथ एकही नाही, सगळे यूट्यूबवर. भाच्याचा ओढा सध्या तिकडेच आहे.