पाकीट हलके, वजन हलके

पन्हाळा तालुक्यातल्या कोडोलीसारख्या उसाच्या गावात चहातली साखर बंद करणे हे मोठे धाडस. त्याबद्दल संबंधितांचे अभिनंदन. आता चहात गूळ पडतो, तोही दोन खडे जास्त, कारण तो नैसर्गिक. शंभर ग्रॅम साखरेत सुमारे ४०० कॅलरी, गुळात सुमारे ३८०. वीस कॅलरींच्या या त्यागाची नोंद व्हायला हवी.

ज्वारीची भाकरीही ताटातून सन्मानाने निवृत्त झाली. भारताच्याच प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष पाळले. जग ज्वारीकडे वळते आहे म्हटल्यावर घरी ओट्स आणणे ओघानेच आले. राजगिराही उपवासापुरताच उरला. त्याच्याच कुळातला किनोआ थेट अँडीजच्या पठारावरून येतो. एवढ्या प्रवासात त्याची चरबी झडत असावी. फुटाणे-शेंगदाणे पोटभरीचे खरे, पण इतक्या स्वस्तात कुणाचे वजन उतरते का? आधी पाकीट हलके व्हावे लागते.

मिसळीत मात्र तडजोड झाली: कट तोच, फरसाण तेच, पाव ब्राउन.

एवढे करूनही काटा हलला नाही, तर ऊसहंगामापर्यंत थांबावे. शेतकरी संघटना वर्षानुवर्षे सांगतात की, काही कारखान्यांच्या काट्यावर भरल्या ट्रॉलीचेही वजन उतरते, कसलेही पथ्य न पाळता.